शाई आणि व्हिनेगर

चेर्वेरेहून बाबा लीक पाठवतात, मुळांसकट.
पांढरे दांडे मी लोण्यात परतते,
मुळं प्रयोगशाळेत नेते.
पोटॅशमध्ये उकळली की ती शेवयांसारखी आरपार होतात,
मग व्हिनेगर, आणि त्यात दौतीतली निळी शाई,
शाळेत बोटांना लागायची तीच.
ही कृती कुणालाही सांगितली की हसतात.

नोव्हेंबरभर तूरिनमध्ये धुकं.
माझ्या भिंगाखाली मात्र लख्ख:
एका पेशीत एक झाड उभं,
खोडापासून शेंड्यापर्यंत बुरशीचं,
फांद्यांना फांद्या, त्यांना आणखी फांद्या,
पेशीच्या भिंतीला टेकेपर्यंत.

बाबांना वाटतं, बुरशी म्हणजे कीड.
"घुसते ना आत?" फोनवर विचारतात.
घुसत नाही, बाबा.
मी पाहिलंय एकदा, जिवंत मुळात, रात्री अडीचला.
तंतू बाहेर टेकला होता, नुसता टेकला होता,
आणि आत, भिंतीच्या अलीकडे,
पेशीचं केंद्रक आपली जागा सोडून निघालं.
दाराशी आलं. मग वळलं
आणि पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं,
मागे एक बोळ बांधत.
चार तास. पाहुणा अजून उंबऱ्यावरच.
बोळ झाला, तेव्हा तो आला.

बाबा गप्प होते. मग म्हणाले,
"दोइनाच्या वेळी मी कपाट सरकवलं होतं."

आई गेल्यावर दोन वर्षं त्यांनी कुणाला घरात घेतलं नाही.
पेन्शन होती, तळघरात बटाटे होते, स्वतःची वाईन होती.
(शेतात फॉस्फेट ओतलं की लीकही असंच करतं:
हाक मारणं बंद.)
मग गुडघा गेला.
बाकाऊहून दोइना यायची होती, गुरुवारी, बसने.
बुधवारी हा एकोणऐंशी वर्षांचा माणूस
अक्रोडाचं कपाट एकट्याने ढकलत होता,
तिच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत वाट व्हावी म्हणून.
फरशीवर ओरखडा उठलाय, हातभर लांब.

आत आलेल्या झाडाला पेशी खरं तर शिवत नाही.
प्रत्येक फांदीवर, प्रत्येक डहाळीवर
आपलंच एक पातळ कातडं चढवते,
घरभर पसरलेली रिक्तिका अंग चोरते,
केंद्रक मध्यात येऊन बसतं,
आणि त्या कातड्याच्या दोन्ही बाजूंनी देवघेव चालते:
तिकडून फॉस्फेट, इकडून साखर, थोडी चरबी.
दोघं कधी भेटत नाहीत.
दोइना बाबांना अजून "सिन्योर सेकोन्दो" म्हणते.
तिला ते तिच्या मुलाबद्दल विचारत नाहीत,
फक्त महिन्याच्या एक तारखेला
पाकिटात वीस युरो जास्त असतात.
सूपमध्ये मीठ कमी असतं, तेही ते सांगत नाहीत.

हे झाड टिकतं आठवडाभर, कधी तेवढंही नाही.
मग फांद्या गळतात, पेशी त्यांचा गोळा करून पचवते
आणि पुन्हा पहिल्यासारखी होते.
पुस्तकात असंच लिहिलंय, "पहिल्यासारखी".
मी शाईत शोधत राहते: एखादी खूण? वळ?
काही दिसत नाही. नवीन तंतू आला
तर तीच पेशी परत बोळ बांधू शकते.

ईस्टरला दोइना गावी गेली, तीन आठवडे.
मी रविवारी गेले तर बाबा कपाटापाशी उभे,
हात टेकवून.
"मूळ जागी लावू?" मी विचारलं.
"नको," म्हणाले, "तिथं आता उजेड येतो."
मग ओरखड्यावर पाय ठेवून म्हणाले,
"हे तुझ्या भिंगातून दिसेल का?"

मी म्हटलं, नाही दिसणार.
आणि जाताना त्यांनी पिशवीत घातलेल्या लीकची
मुळं झाडली नाहीत.
माती तूरिनपर्यंत आली, आगगाडीभर सांडत.